समोर बसून शिकलेलं

"तुम्ही हा उलटा धरलाय," दुरुस्तीवाला म्हणाला आणि पुन्हा पुढ्यातल्या हार्मोनियमच्या पट्ट्या पुसायला लागला.

आधी त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तो आला होता कॉन्सर्टिनाचा, दोन हातांत धरून वाजवायच्या भात्याच्या छोट्या पेटीचा, तुटलेला चामडी पट्टा बदलून घ्यायला. एखादा सूर अडकत नाही ना, हे बघायला दुरुस्तीवाल्याने त्याला काहीतरी वाजवायला सांगितलं आणि त्याने जीव मुठीत धरून पहिल्यांदाच परक्या माणसासमोर ती धून सबंध वाजवली. तीन महिन्यांची मेहनत होती. मध्ये दोनदा अडखळला, एकदा भाता संपला आणि सूर चिरकला, पण धून शेवटाला गेली. त्याला वाटलं होतं, म्हातारा निदान मान तरी डोलावेल. मान डोलवायचं राहिलं बाजूलाच. दुरुस्तीवाल्याने फडकं खाली ठेवलं, त्याच्या मांडीवरून तो सहा कोनांचा डबा उचलला, पालथं पडलेलं भांडं सरळ करावं तसा फिरवला आणि त्याचा उजवा हात उजव्या पट्ट्यात सरकवला. अंगठा आपोआप एका बटणावर जाऊन टेकला, जणू ते बटण त्याचीच वाट बघत होतं. म्हाताऱ्याने सांगितलं, ही हवेची कळ, हिने भाता बिनआवाज उघडतो नि मिटतो. ती उजव्या अंगठ्यासाठी असते. तुम्ही डाव्या करंगळीने दाबत होता, दुखत नव्हती करंगळी? दुखत होती. तीन महिने दुखत होती. त्याची समजूत अशी की नवीन काही शिकायचं म्हणजे दुखणारच.

"कुणाकडे शिकलात?"

"ताईकडे. म्हणजे, लहानपणी बघून."

"शेजारी बसून, की समोर बसून?"

"समोर."

"हं," दुरुस्तीवाला म्हणाला. तेवढ्यात सगळं आलं.

पट्टा चार दिवसांनी मिळणार होता, तोवर वाजवायला जुना दोरीने बांधून दिला होता. डबा पिशवीत घालून तो रस्त्याला लागला तेव्हा दुपारची गर्दी ओसरलेली होती. सिग्नलपाशी उभा राहून तो आपले दोन्ही हात बघत राहिला. दुसऱ्या कुणाच्या ही चूक आठवड्याभरात ध्यानात आली असती. पण त्याचा धंदा रबरी शिक्के करायचा. तीस वर्षं अक्षरं उलटी कोरण्यात गेली. कचेऱ्यांचे, दवाखान्यांचे, 'पोहोचले' आणि 'रद्द' असे शिक्के. उलटं अक्षर त्याला सरळ अक्षराइतकंच सवयीचं, किंबहुना जरा जास्तच घरचं. बायको म्हणायची, तुम्हाला आरशातला पेपर द्यावा, भराभर वाचाल. शिकायला बसला तेव्हा त्याने ताईचं वाजवणं डोळ्यांपुढे आणलं आणि जसं दिसलं तसं उचललं. त्याच्या डाव्या बाजूला जो हात नाचायचा, त्या बाजूला धून, म्हणून धून डाव्या हातात घेतली. तो नाचणारा हात ताईचा उजवा होता, हे समोर बसलेल्याने ध्यानात घ्यायला हवं होतं. एरवी काही बिघडलं नसतं. उलटा तर उलटा, धून ऐकू आल्याशी कारण. पण तो स्वतःसाठी शिकतच नव्हता. त्याला ताईचा उजवा हात व्हायचं होतं, आणि त्याचा उजवा हात ठार अडाणी होता.

ताईला वसंतात झटका आला. उजवं अंग गेलं आणि जिभेवरचे सगळे शब्द गेले, एक सोडून. तो एक शब्द 'बरं'. डॉक्टर म्हणाले, कुणाचा कुठला शब्द राहील ते सांगता येत नाही, कुणाला शिवी राहते, कुणाला नाव राहतं. ताईला 'बरं' राहिला. औषध घेतेस? बरं. कूस बदलू? बरं. खिडकी लावू का उघडी ठेवू? बरं. बायकोने चार महिने तिचं सगळं केलं, स्वतःच्या पाठीचा मणका सरकेपर्यंत केलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्याचेही हात आता वजन उचलणारे राहिले नव्हते. शेवटी दुसऱ्या गावातल्या शुश्रूषेच्या संस्थेत जागा मिळाली. पलंगाशेजारी घंटा, मालिश करायला माणूस, बाग. तो पलंगाच्या कडेला बसून हे सगळं तिला सांगत होता आणि सांगताना बागेबद्दल जरा जास्तच बोलत होता. ऐकून घेऊन ती म्हणाली, "बरं." हाच शब्द, ह्याच स्वरात, त्याने पूर्वी एकदा ऐकला होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, एका सभागृहाच्या बोळकांडीत, एकावर एक रचून ठेवलेल्या खुर्च्यांपाशी.

त्याच्या लग्नाचा दिवस होता. त्याच्या आणि ताईच्या मध्ये दहा वर्षांचं अंतर. आई गेली तेव्हा तो सहाचा आणि ती सोळाची. वडील ट्रक चालवायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे आणि झोपून निघून जायचे. ताई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. संध्याकाळी ती घरी यायची तोवर तो जिन्यात बसून राहिलेला असायचा, रडून रडून नाक लाल झालेला. मग ती हात धुवायची आणि खाटेखालून तो डबा काढायची. खालच्या मजल्यावर राहणारा एक म्हातारा खलाशी जाताना तिला देऊन गेला होता, चार धुनाही शिकवून गेला होता. घरात त्याला कॉन्सर्टिना कुणी म्हणत नसे, घडीची पेटी म्हणत. ताई खाटेवर बसायची, तो समोर जमिनीवर. तिची बोटं दिवसभर सुई चालवून टोचलेली असत, पण त्या बटणांवर ती अशी पळत की त्याला रडायचं आठवतच नसे. एकच बटण दाबताना एक सूर देतं आणि ओढताना दुसरा, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. ती पुष्कळदा म्हणायची, ये, इथे माझ्या शेजारी बस, शिकवते तुला, सोपं आहे. तो नको म्हणायचा. शेजारून तिचं तोंड दिसत नसे, आणि त्याला वाजवताना तिचं तोंड बघायचं असे. वाजवताना ती खालचा ओठ दातात धरायची, आणि धून संपली की ओठ सोडून हसायची. त्या हसण्यासाठी तो समोर बसायचा. आता सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी तो तिथेच उभा होता. मागच्या माणसाने खांद्याला हात लावून विचारलं, काका, जायचंय ना? तेव्हा त्याचा पाय उचलला.

लग्नाआधी दोन महिने ती एक नवी धून बसवत होती. त्याच्यासाठी, त्याला न सांगता. दार लावून घ्यायची. भिंतीतून फक्त खालचे सूर यायचे, डाव्या हाताचे, धम् धम् धम् आणि मग एक लांबलेला, पुन्हा धम् धम्. वरचे सूर भिंतीतच अडकायचे. तो थट्टेने म्हणायचा, ताई, आत काय कपडे आपटतेस का? ती आतून म्हणायची, कळेल तेव्हा कळेल. लग्नाच्या संध्याकाळी ती नव्या कपड्यांत, कोपऱ्यांना चामडं लावलेली ती पेटी छातीशी धरून सभागृहात आली. बायकोकडची माणसं शिकलेली, चांगल्या हुद्द्यांवरची. सासऱ्यांनी हातातला पेला कसा धरला होता हेसुद्धा त्याला आठवतं. आणि त्याला ताईच्या टोचलेल्या बोटांची, त्या खलाशाच्या डब्याची, वाजवताना दातात धरलेल्या ओठाची अचानक लाज वाटली. त्याने तिला बोळकांडीत नेलं. म्हणाला, "ताई, आज नको वाजवूस. त्यांच्याकडची माणसं आहेत, हसतील." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. एवढंच. पेटी खोलीत ठेवून आली, पंगतीत सगळ्यांना आग्रह केला, सासूबाईंशी गप्पा मारल्या, निघताना त्याच्या कॉलरवरचा धागा तोडला. रुसली असती, दोन शब्द सुनावले असते तर तो सुटला असता. त्या दिवसानंतर त्याने ती पेटी ऐकली नाही. वाजव म्हणायचं त्याचं तोंड नव्हतं, आणि पुढे पुढे तर तो विसरूनच गेला. माणूस किती सोयीने विसरतो, हे त्याला आता छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं.

ताईला घरी आणल्यावर महिन्याभराने तिची भाड्याची खोली रिकामी करताना पेटी खाटेखाली सापडली. त्याच दिवशी त्याने ठरवलं. तिचा डावा हात शाबूत होता. डाव्या हाताकडे खालचे सूर, साथ. उजव्याकडची धून तो शिकेल, तिच्या उजव्या अंगाला बसेल, दोघं मिळून एक पेटी वाजवतील. ह्यात क्षमा वगैरे मागावी लागणार नव्हती, म्हणूनच ही कल्पना त्याला इतकी आवडली. रोज जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं ओढून तो शिकत राहिला. शेजारचा चाव्या करणारा म्हणायचा, साहेब, आज मांजर अडकलंय वाटतं आत. घरी पत्ता लागू दिला नव्हता. आणि आता ताई संस्थेत जायला नऊ दिवस उरलेले असताना एक म्हातारा म्हणत होता की तुम्ही उलटा धरलाय.

त्या नऊ दिवसांत त्याने शिक्क्यांची कामं मागे टाकली. पेटी सरळ धरली, तिचं डावं टोक गुडघ्यांत आवळलं, डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्याला अ आ इ पासून सुरुवात केली. डाव्या हाताला जे पाठ होतं ते उजव्याला काही केल्या सांगता येईना. डाव्याची करंगळी जिथे जायची तिथे आता तर्जनी हवी होती, आणि प्रत्येक बोट आपली जागा सोडून जुन्याच वाटेने जाई. ओढायचं तिथे दाबलं जाई, भलताच सूर येई. घाम फुटे. चौथ्या दिवशी त्याने पेटी टेबलावर ठेवली आणि बंद शटरच्या आड, रबराच्या कातरणांमध्ये बसून लहान मुलासारखा रडला. जिन्यात बसून रडायचा तसाच. फक्त आता कारखान्यातून कुणी येणार नव्हतं.

नवा पट्टा बसवायला गेला तेव्हा दुरुस्तीवाल्याने भाता पूर्ण उघडून उजेडात धरला. म्हणाला, वस्तू छान राखलीय तुमच्या ताईंनी. तो म्हणाला, राखली म्हणजे काय, अठ्ठावीस वर्षं बंदच होती. दुरुस्तीवाल्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाला, बंद पेटीच्या घड्या एकमेकींना चिकटतात, चामडं तडकतं. हा भाता चालता आहे. आणि ही उजवीकडची बटणं बघा, मधली तीन झिजून खोलगट झालीत. "हे रोज वाजवणाऱ्या माणसाचं वाद्य आहे," म्हातारा म्हणाला. "रोज."

घरी आला तेव्हा बायको पाठीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन खुर्चीत बसली होती. त्याने आपल्या पिशवीतून पेटी काढून तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, ताई वाजवायची का? तिने पेटीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"वाजवायच्या की. मी जेवणाचा डबा घेऊन जायचे ना त्यांच्या खोलीवर, तेव्हा जिन्यातूनच ऐकू यायचं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. फार छान वाजवायच्या."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यांनी सांगितलं होतं, त्याला सांगू नकोस, त्याला आवडत नाही म्हणून." मग तिने विचारलं, "का हो आवडत नव्हतं तुम्हाला?"

तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला, पुन्हा प्याला. म्हणजे ताईने वाजवणं सोडलंच नव्हतं. एवढी वर्षं तो समजत होता की त्याने तिचं गाणं बंद पाडलं, आणि ह्या समजुतीत कुठेतरी स्वतःला मोठं करून घेणं होतं. तिचं गाणं चालू होतं. दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या बायकोला मिळत होतं, खालच्या भाडेकरूंना मिळत होतं, जिन्यातल्या मांजरांना मिळत होतं. बंद फक्त त्याच्यापुरतं झालं होतं. तो दर रविवारी तिच्या खोलीवर जायचा, चहा प्यायचा, विजेच्या बिलाबद्दल बोलायचा. पायऱ्यांवर त्याचे बूट वाजले की ती पेटी खाटेखाली सरकवत असणार. त्याला आता ते दिसायला लागलं, ती वाकलेली, कान दाराकडे, पेटी पायाने आत ढकलताना. हे दृश्य त्याच्या डोळ्यांपुढून पुढचे पाच दिवस हललं नाही.

नवव्या दिवशी गाडी दुपारी चारला येणार होती. ताईचं सामान म्हणजे दोन पिशव्या. बायकोने तिचे केस विंचरून दिले, स्वेटर घातला आणि काहीतरी ओळखून आत निघून गेली. ताई पलंगावर उशांना टेकून बसली होती. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलेली, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा. त्याने पेटी आणली. ती पाहून ताईच्या डाव्या भुवईत काहीतरी हललं. सवयीने तो स्टूल ओढून तिच्या समोर बसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. तो उठला, पलंगाच्या उजव्या कडेला, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. आयुष्यात पहिल्यांदा. इथून तिचं तोंड दिसत नव्हतं. तिच्या केसांना तेलाचा आणि औषधाचा वास येत होता, आणि तिचा निर्जीव हात त्याच्या मांडीला टेकून होता, अपेक्षेपेक्षा जड.

त्याने तिचा डावा हात डाव्या पट्ट्यात सरकवून दिला. स्वतःचा उजवा हात उजव्यात घातला. भाता दोघांच्या मध्ये उघडा राहिला. आता ओढायचं कुणी आणि दाबायचं कुणी, हा घोळ झाला. त्याने दाबलं तेव्हा ती ओढत होती, आणि पेटीतून नुसताच श्वास गेला. मग तिने आपलं टोक हलकेच धक्का दिल्यासारखं हलवलं, माझ्यामागून ये, म्हणून. धम् धम्. लहानपणीचीच धून. त्याची बोटं चाचपडली आणि पहिले चार सूर बरोबर पडले. पाचवा चुकला. ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चार सूर, पाचवा चुकला. ती थांबली. तिने कंटाळा केला नाही. पाच-सहा वेळा असं झालं. नऊ दिवसांत त्याचा उजवा हात चार सूर शिकला होता. त्याहून जास्त काही नव्हतं त्याच्यापाशी. तिचा खांदा बारीक हलत होता. त्याने वाकून पाहिलं, ती हसत होती, अर्ध्या तोंडाने.

ते हसणं पाहून त्याच्याने राहवलं नाही. जे टाळण्यासाठी तीन महिने खटपट केली, तेच ओठांवर आलं.

"ताई," तो म्हणाला, "लग्नात मी तुला वाजवू नकोस म्हटलं. कुणी हसणार नव्हतं गं. लाज मलाच वाटली होती. चुकलं माझं. मला माफ कर."

आणि तो त्या एका शब्दाची वाट बघत राहिला. औषधाला, चहाला, कूस बदलायला, संस्थेला, सगळ्याला ती जो शब्द देत होती तो आताही येईल याबद्दल त्याला शंका नव्हती. खरं म्हणजे त्याच भरवशावर त्याने तोंड उघडलं होतं. ताई भिंतीकडे बघत राहिली. स्वयंपाकघरात नळ बंद झाला. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. तेवढं एकदा ती बरं म्हणाली नाही.

मग तिने भाता ओढला. तो नकळत तिच्यामागे गेला. धम् धम् धम् आणि एक लांबलेला सूर, पुन्हा धम् धम्. ही ती धून नव्हती. त्याची बोटं बटणांवर तशीच राहिली, कारण ह्याचं पुढचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण हे खालचे सूर तो ओळखत होता. दोन महिने भिंतीतून त्याने हेच ऐकले होते आणि कपडे आपटतेस का म्हणून विचारलं होतं. त्याच्या लग्नासाठी बसवलेली ती धून ती आता त्याच्यापुढे वाजवत होती, अठ्ठावीस वर्षं राखून ठेवलेली, एकही ठोका न चुकता. वरच्या सुरांच्या जागी ती थांबत होती, जितकं थांबायचं तितकंच, आणि मग पुढे जात होती. ते वरचे सूर तिच्या उजव्या हाताला येत होते. तो हात त्याच्या मांडीला टेकून पडला होता, कुणाला काही सांगण्यापलीकडे गेलेला. त्या दिवशीही भिंतीमुळे त्याला अर्धीच मिळाली होती. आजही अर्धीच मिळत होती, आणि उरलेली अर्धी आता जगात कुठेच ऐकू येणार नव्हती.

खाली गाडी येऊन थांबली. दार उघडल्याचा आवाज झाला, जिन्यात दोन माणसांची पावलं वाजायला लागली. ताईने पेटी लपवली नाही. ती वाजवत राहिली. त्याने आपलं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ती ओढेल तेव्हा ओढत राहिला, ती दाबेल तेव्हा दाबत राहिला. त्याच्या बाजूने एकही सूर निघाला नाही.